देवळाचं नाव

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना बोलवायचंच, अशी नगरच्या आमच्या समाजशास्त्र विभागाची जुनी पद्धत. प्रबंधात मी गावाचं नाव बदललं, माणसांची बदलली, आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याच गावाला फोन करून आग्रहाचं निमंत्रण दिलं! काय बोलावं या माणसाला?

सोमवारी सकाळी हॉलमध्ये शिरले तर मागच्या रांगेत त्या गावातला एक तरुण बसलेला. त्याच्या बहिणीने बौद्ध मुलाशी लग्न केलं होतं आणि घरच्यांनी दिसेल तिथे तोडायची भाषा केली होती. त्यांची आई देवीला जाते सांगून दर मंगळवारी कोल्हारच्या देवळात लेकीला भेटायची. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. प्रबंधात मी एवढंच लिहिलं होतं की एक आई तुटलेल्या मुलीला देवळात भेटते.

बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच पानावर थांबले. कुठलं देऊळ, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येणार नाही. पडताळा नसेल तर प्रकरण टिकणार कसं, ते म्हणाले. सर मला डोळ्यांनी खुणावत होते, सांगून टाक. मला असा संताप आला! मागे तो पुढे वाकून ऐकत होता.

"पडताळा नाही," मी म्हणाले. "ते उदाहरण मी काढून टाकते."

दोन वर्षांची मेहनत त्या प्रकरणात होती. परीक्षकांनी बरंच सुनावलं, दुरुस्त्या लावल्या आणि शेवटी पदवीची शिफारस केली. पेढे वाटले गेले. मी कशीबशी हसत होते.

जिन्यापाशी त्याने मला गाठलं.

"ताई, ती बरी हाय का?"

"कोण?" मी विचारलं.

"बरं केलं न्हाई सांगितलं ते," तो हळू आवाजात म्हणाला. "आईलाबी सांगा, मंगळवारी जाऊ नको म्हनावं. चुलत्याच्या ध्यानात आलंय. मी सांगितलं तर ती माज्यावर इस्वास न्हाई ठेवनार."

खरं बोलतोय की मला बोलतं करतोय, काही कळेना. मी पुन्हा म्हटलं, "कोण आई?"

तो खाली उतरून गेला. मी पर्स उचलली आणि तशीच स्टँडवर गेले. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.