शेजार अंथरायचा राहिला

लेबल पुसलेल्या नळ्या आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये साचत जातात. आत काय आहे माहीत नसतं, आणि टाकवतही नाहीत. माझ्याकडचे किस्से असेच साचलेत. घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला धरलंय! एक किस्सा मात्र शिंदेमामांच्या बायकोच्या जिवाचा आहे. तो सांगायला धीर लागतो, म्हणून शेवटी.

*

उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब. माणसं तीन: साधना मॅडम, मी आणि बाटल्या धुणारे शिंदेमामा. काम ब्लड कॅन्सरच्या पेशींवर. पेशंटच्या या पेशी डिशमध्ये एकट्या ठेवल्या की दोन दिवसांत मान टाकतात. पण खाली अस्थिमज्जेतल्या साध्या पेशींचा थर अंथरला, की त्या थराकडून त्यांना 'जगा, वाढा' असे निरोप जातात आणि त्या तग धरतात.

मॅडमनी हे एकदा पाहुण्यांना तासभर समजावलं. मामा चहा देता देता म्हणाले, "म्हंजी कॅन्सरलाबी शेजार लागतो व्हय!"

"एवढंच कळायला मला पीएचडी करावी लागली!" मॅडम म्हणाल्या. तेव्हापासून त्या थराला आम्ही शेजारच म्हणायला लागलो.

*

दुष्काळात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आमचं डिस्टिल्ड वॉटरचं मशीन टँकरच्या पाण्यावर चालायचं, आणि ते थंड ठेवायला लागलेलं पाणी कोमट होऊन पाइपातून वाहून जायचं. मामांनी त्या पाइपाखाली पिंप लावलं. एरवी आमच्याकडे ढुंकून न पाहणारी अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन जिन्यात! "जोशीसाहेब, आज मशीन लावणार ना?" काय तो मान!

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. मी मशीन लावलं आणि मुद्दाम दार उघडं ठेवलं. कुणीच आलं नाही. मला चक्क वाईट वाटलं.

*

पैठण रोडला नव्या बिल्डिंगा उठल्या, त्यातल्या एकीत मी फ्लॅट घेतला. माझ्या मजल्यावरच्या बाकी तीन दारांना अजून बिल्डरचीच कुलपं. दूधवाल्यानं आठवड्यातच हात टेकले. "एका पिशवीसाठी चौथा मजला नाय परवडत, साहेब. आधी शेजारी आणा!"

*

पेशींना रविवार नसतो, त्यांचं दाणापाणी बदलावंच लागतं. ती ड्यूटी मी कायम मागून घ्यायचो. घरी बसून तरी काय करणार? एका रविवारी मॅडम अचानक मागे येऊन उभ्या. "जोशी, कुणाशी बोलताय?"

"मोजतोय, मॅडम!"

"मोजताना 'जेवलात का' असं म्हणतात?"

*

मग पुन्हा कोरडं साल आलं आणि त्या उन्हाळ्यात मामींना ब्लड कॅन्सर निघाला. दोन औषधं फुकट गेली होती. तिसरं चालेल का, याचा अंदाज यावा म्हणून डॉक्टरांनी मामींच्या पेशी आमच्याकडे पाठवल्या. मामा दिवसभर बाटल्या धुवायचे आणि संध्याकाळी वॉर्डात जायचे. तोवर मामी तिथं एकट्याच.

मी त्या पेशींवर ते औषध घातलं आणि तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली डिश धरली. सगळ्या पेशी खलास! मी नाचायचाच बाकी होतो. "मामा, औषध लागू पडलं!" मामांनी पेढे आणले, बिल्डिंगभर वाटले आणि उरलेला बॉक्स घेऊन पळतच वॉर्डात गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी डिश पाहिली. "जोशी, शेजार अंथरला होता का?"

घाईत मी शेजार अंथरलाच नव्हता. एकट्या पेशी औषधाविनाही मेल्याच असत्या!

शेजार अंथरून पुन्हा तेच औषध दिलं. तीन दिवसांनी पाहिलं, तर मामींच्या पेशी मजेत. औषधाला दाद नाही.

मामांना सांगायचं कुणी? चूक माझी होती. मी सिंकपाशी जाऊन सगळं सांगितलं आणि माफी मागितली. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना.

मामांनी हातातली बाटली विसळून पालथी घातली. "तिला नका सांगू, साहेब. लई दिसांनी आख्खा पेढा खाल्ला तिनं."

मग हात पुसून ते मॅडमच्या टेबलापाशी गेले. "मॅडम, उद्यापास्नं सुट्टी पायजे."

"घ्या ना, मामा. किती दिवस?"

"ती हाय तवर."