उजव्या हाताचा घास

लकवा आला त्या सकाळी मी म्हैसूरजवळच्या आमच्या हूटगळ्ळीच्या घरात सांबारासाठी शेवग्याच्या शेंगा चिरत होते. सुरी हातातून गळून पडली. उचलायला वाकले, तर बोटं तिच्यावर नुसती टेकली, मिटेनात. यांना हाक मारली, ती वेडीवाकडी निघाली. हे नंजनगूडच्या कारखान्यात जायला निघाले होते, ते दारातूनच मागे फिरले. दवाखान्यात वेळेवर पोचलो. काही आठवड्यांत बोलणं सुधारलं, पाय चालता झाला. उजवा हात मात्र कुणी दुसऱ्यानंच आपलं सामान माझ्या मांडीवर ठेवून जावं तसा पडून राहिला.

मी शाळेत गणित शिकवायची, नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर फळ्यावर चाललेला हात तो. आता हे कामावरून रजा घेऊन मला भरवायचे. घास लहान करायचे, त्यावर फुंकर मारायचे. भात आधीच गार असायचा.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी यायची. कन्नडच बोलायची, आणि लाड अजिबात करायची नाही. बोटं थोडी हलायला लागल्यावर ती म्हणाली, "अम्मा, तुमचा डावा हात फार हुशार आहे. सगळं तोच करून टाकतो, मग उजवा कशाला शिकेल?" तिनं माझ्या डाव्या हातावर जाड मोजा चढवला आणि यांना सांगितलं, "दुपारचं जेवण होईपर्यंत काढायचा नाही. ह्या कितीही चिडल्या तरी."

मी चिडलेच. वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत टाकताना निम्मा फरशीवर जायचा. कपड्यांचा चिमटा दाबताना दातओठ आवळले जायचे. घास तोंडाऐवजी हनुवटीला लागायचा. पण यांनी भरवायला हात पुढे केला की मी तोंड फिरवायची.

"अगं, उपाशी राहशील."

"राहीन. तुम्ही पेपर वाचा."

त्या दिवसांत सांगलीहून माझी मोठी नणंद मदतीला आली. जीव लावणारी बाई. माझा डावा हात मोज्यात कोंडलेला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं वहिनी, चालता हात बांधून ठेवतात का कुणी? डाव्यात चमचा धर की. झालं ते झालं. आता जुळवून घ्यायचं."

"वन्सं, हाताला लकवा झालाय, मला नाही. जुळवून घ्यायचं तर त्यानं घ्यावं माझ्याशी."

ती दुखावली. पुढचे दोन दिवस कामापुरतंच बोलली. मला वाईट वाटलं, पण मोजा मी काढला नाही.

काही महिन्यांनी शाळेतल्या माझ्या मैत्रिणीकडे नातीचं बारसं होतं. तिचं घर अग्रहार या जुन्या वस्तीत. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी कुटुंब, त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. तोवर माझा घास तोंडापर्यंत पोचत होता, बरोबरीनं साडीवरही सांडत होता. नणंद नेमकी तेव्हा आमच्याकडेच होती. आम्ही तिघं गेलो.

मैत्रिणीनं माझ्यासाठी आतल्या खोलीत ताट-चमचा मांडला होता. प्रेमानंच. मी म्हटलं, "मी पंगतीत बसणार." लांब टेबलांवर केळीची पानं मांडलेली होती. मी बसले तशी तिची सासू जवळ आली.

"सुम्ने, उगाच त्रास कशाला करून घेता हो? डाव्या हातानं जेवा. कोणी काही म्हणणार नाही."

"तुम्ही नाही म्हणणार, आजी. मी म्हणेन."

भातावर रसमसारखा सारु वाढला. पातळ सारु केळीच्या पानावर अडवून धरणं चांगल्या हातालाही कठीण जातं. माझ्या बोटांमधून भात निसटत होता, सारु मनगटावरून ओघळत होता. समोरची एक बाई बघत होती, मग मुद्दाम बघेनाशी झाली. तेच जास्त झोंबलं. मी बोटं पुन्हा मिटली, पुन्हा घास उचलला.

बाकीच्यांचं ताक-भातापर्यंत आटोपलं. दारात पुढच्या पंगतीची माणसं ताटकळत उभी होती. वाढपी रिकामी बादली घेऊन घुटमळू लागला. माझा भात अजून निम्माही संपला नव्हता. मी उठले नाही. मान खाली घालून खात राहिले.

तेवढ्यात शेजारून नणंदेनं वाढप्याला बोलावलं. तिचं पान केव्हाच लख्ख झालं होतं.

"मला अजून भात वाढा," ती म्हणाली. "आणि घाई करू नका. आमचं जेवण चाललंय."

तिनं खरंच पुन्हा भात घेतला. रात्री पोट धरून बसली, पण तेव्हा माझ्या शेवटच्या घासापर्यंत एकेक शीत वेचत राहिली. पंगत थांबली. माझी साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत डागाळली होती. हात धुताना ती म्हणाली, "हट्टी आहेस." मी म्हटलं, "आहेच."

आज त्या हातानं मी जेवते, दार उघडते, वेलदोडा सोलते. ब्लाऊजचे हुक लागत नाहीत, खडू नीट धरता येत नाही. आता फारसा फरक पडायचा नाही, असं डॉक्टर गेल्या भेटीत म्हणाले. मी ऐकून घेतलं. घरी आले आणि परातीत कणीक घेऊन उजव्या हातानं मळायला बसले.