थोरलीच्या गुडघ्यामागची भुकटी

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी, एका कांस्याच्या बाईची मूर्ती बसलेली होती. उंची जेमतेम दीड हात. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा उभा, आणि डोळ्यांवर आडवा हात धरून ती दूर कुठेतरी पाहत होती. कुणाची वाट पाहते ते पाटीवर लिहिलेले नव्हते. पाटीवर फक्त एक आकडा होता आणि धातूचे नाव. त्या दालनाचा राखणदार तिला थोरली म्हणायचा. त्याला सख्खी बहीण नव्हती, आणि चोवीस वर्षे रोज सकाळी जिच्या अंगावरची धूळ मऊ कुंच्याने झाडली, तिला माणसाने दुसरे म्हणायचे तरी काय?

राखणदाराला मात्र सगळे खिडकीकाका म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावले होते.

दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या उभ्या गुडघ्यामागच्या खाचेत त्याला हिरवी भुकटी दिसली. जुन्या कांस्यावर काळपट थर चढतो, तो घट्ट असतो, अंगावरच्या कातडीसारखा धातूला राखतो, एवढे त्याला कळत होते. ही भुकटी तसली नव्हती. फिकट होती, बोटाला दमट लागायची, आणि आज झाडली तर आठ दिवसांत पुन्हा हजर. त्याने मान वर केली तर खिडकीची चौकट कुजलेली. पावसाची झड आली की पाणी भिंतीवरून ओघळत थेट थोरलीच्या चौथऱ्याशी यायचे. झाले! चोर सापडला असे त्याला वाटले.

त्या दिवसापासून त्याने खिडकीच्या दुरुस्तीसाठी अकरा अर्ज केले. संग्रहालयाचे साहेब प्रत्येक अर्ज वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "काका, ती चारशे वर्षं टिकलीय. तुमच्या एका खिडकीनं काय मरतेय?"

"साहेब, चारशे वर्षांत तिला ही खिडकी नव्हती."

"बरं, बरं. वर कळवतो."

वर म्हणजे कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. काकांच्या वर तर छपरच होते, आणि तेही गळके.

खाली दारापाशी तिकिटे फाडणाऱ्या मावशी बसत. त्या रोज सकाळी हाक मारायच्या, "काय काका, खिडकीची तब्येत काय म्हणते? रात्री झोप लागली का तिला?" काका जिना चढायचे, प्रत्येक पायरीवर पाय जरा जास्तच जोराने आपटत. आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततोय हे त्यांना समजत होते. तरी हातातला तांब्या खाली ठेववत नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. तेवढ्यात थोरली वाचली पाहिजे, एवढा एकच घोर त्यांना लागला होता.

अकराव्या अर्जानंतर, कशी कोण जाणे, धातूची डागडुजी करणारी एक बाई आली. केस आखूड, खांद्याला जड पिशवी, बोलणे कमी. तिने भिंग लावून गुडघ्यामागची खाच पाहिली, सुईच्या टोकाने भुकटी काचेवर घेतली आणि म्हणाली, "वेळेवर बोलावलंत. हा धातूचा आजारच आहे. असाच चालू राहिला तर पाच-सहा वर्षांत गुडघा निखळून हातात येईल."

काकांनी साहेबांकडे पाहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा ऊर भरून आला. "ओल आहे, बाई. मी सांगून सांगून थकलो."

"ओल आहेच. खिडकी आधी दुरुस्त करा," बाई म्हणाली. साहेबांनी निमूटपणे वहीत लिहून घेतले. "मग मी ही भुकटी काढते आणि वर मेणाचा हात देते. त्यानं बाहेरची ओल आत जाणार नाही."

आनंदाच्या भरात काकांनी तिला जिन्याजवळचा जुना फोटो दाखवायला नेले. दालन उघडले त्या दिवसाचा तो फोटो. थोरली सोन्यासारखी झळकतेय, शेजारी त्या वेळचे साहेब, आणि कडेला ताठ मानेचे, काळ्या केसांचे काका. नव्या माणसाला हा फोटो दाखवल्याशिवाय ते कधी सोडत नसत.

बाई फोटोजवळ बराच वेळ थांबली. "एवढी चमक? ही कुणी आणली? कशानं घासली होती?"

काका फोटोची काच बाहीने पुसू लागले.

पाहुणे येणार म्हणून आधीचे साहेब म्हणाले होते, कशी भिकारणीसारखी काळी दिसतेय, जरा चमकवा तिला. काका तेव्हा नवे होते, हौस दांडगी. घरी आई तांब्या-पितळेची भांडी लख्ख करायची तसेच त्यांनी केले. लिंबाची फोड मिठात बुडवली आणि थोरलीला डोक्यापासून पायापर्यंत घासले. वरून ओले फडके फिरवले. गुडघ्यामागच्या खाचेत फडके पोचले नाही. बोटही पोचले नाही. तिथे कोण बघणार, असे ते तेव्हा स्वतःशीच म्हणाले होते. सगळ्यांनी पाठ थोपटली. पुढे वर्षा-दोन वर्षांत अंग पुन्हा काळवंडले आणि ते सगळे विसरले.

"का विचारता?" त्यांनी विचारले.

"मिठानं घासली असेल आणि ते आत राहिलं असेल, तर मेण लावून उपयोग नाही. उलट मीठ आत कोंडलं जाईल आणि वरून चांगली दिसत ती आतून संपेल. मग तिला शुद्ध पाण्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवावं लागेल."

साहेब मागोमाग येऊन शेजारीच उभे होते. आधीचे साहेब आता या जगात नव्हते. त्यांच्या नावावर ढकलले असते तर कुणी विचारायला जाणार नव्हते. काकांना थोरलीचा तो डोळ्यांवरचा हात आठवला. इतकी वर्षे दूर पाहतेय असे वाटत होते. आता वाटले, आपल्याकडेच पाहतेय, नीट ओळख पटत नाही म्हणून.

"मी घासली," ते म्हणाले. "मीठ आणि लिंबू. त्या खाचेतलं धुतलं नाही."

साहेबांचा चेहरा असा उजळला की काकांना आपण बोललो याचाच संताप आला.

"म्हणजे काका, चोराच्या उलट्या बोंबा! दोन वर्षं माझं डोकं खाल्लंत, आणि दोष तुमच्या लिंबाचा!" साहेबांनी वही उघडली आणि खिडकीच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"अहो, असं नाही," बाई म्हणाली. "मीठ एकटं काही करत नाही. ओल मिळाली की ते जागं होतं. दोन्ही..."

पण साहेब जिना उतरत होते. त्यांना हवे तेवढे त्यांनी ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी थोरलीला गादीत गुंडाळून खालच्या खोलीत नेले. बाईने टाकी भरून ठेवली होती. "बरी होईल," ती म्हणाली. "पण परत त्याच खिडकीखाली ठेवलीत तर मला पुन्हा बोलवावं लागेल."

दारापाशी मावशींनी या वेळी थट्टा केली नाही. नुसते म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण केलंत, काका. गप्प बसायचं होतंत."

"गप्पच बसलो असतो तर मेण लावलं असतं तिला," काका म्हणाले. "जिवंतपणी पुरली असती." आणि त्यांनी मावशींकडून एक कोरा कागद मागून घेतला.

वर रिकाम्या चौथऱ्याशी स्टूल ओढून त्यांनी बारावा अर्ज लिहिला. आधीच्या अर्जांत आदर होता, विनंती होती, कृपा होती. या अर्जात दोनच ओळी होत्या. मीठ माझे होते, ते मी कबूल केले आहे. पाणी खिडकीचे आहे, ते कुणी कबूल करायचे?

साहेबांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अकरा अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला. बाहेर आभाळ भरून आले होते. काका खाली जाऊन बादली घेऊन आले आणि चौकटीखाली ठेवून खिडकीकडे बघत उभे राहिले.