पत्ता नाही, साहेब

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापुढेही नाही — तिथे हात जोडले की भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगतेय, तर मधेच उठून दाराची कडी बघून आले. हसू नका. काळा कोट घातला की लोकांना वाटतं, ही बाई कुणाच्या बापाला भीत नाही. कसलं काय!

मी अलिबागच्या कोर्टात वकिली करते. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांची कामं सरकारतर्फे आमच्याकडे येतात. तशीच रेहाना आली. बांगलादेशातून कागदपत्रांशिवाय आलेली. त्याची शिक्षा तिने भोगून संपवली होती. पण तिकडचं सरकार तिला आपली म्हणायला तयार नाही, मग परत पाठवणार कुठे? म्हणून पोलिसांनी तिला एका खोलीत कोंडून ठेवलं होतं. कधीपर्यंत — ते कुणीच सांगेना.

कायदा मी वाचला. नीट वाचला हो. परदेशी माणसाला अटकेत ठेवता येतं, असं त्यात आहे. पण ठरवून दिलेल्या जागी राहून पोलिसांत हजेरी द्यायला लावता येतं, असंही त्यातच आहे. मग जिला परत पाठवणंच जमत नाही, तिला बेमुदत कोंडा, असा अर्थ कसा काढायचा? सौम्य वाट कायद्यानेच दिलीय, आधी ती वापरा — हा माझा मुद्दा. आमचे सिनियरसुद्धा म्हणाले, दम आहे यात.

पण ठरवून दिलेल्या जागी राहायचं, तर जागा हवी ना? कुणाची तरी?

सांगते. पकडली जाण्याआधी रेहाना किहीमला होती, माझ्या सख्ख्या भावाच्या कॉटेजवर. झाडलोट, चादरी, पाहुण्यांसाठी माशाचं कालवण, तिथेच राहणाऱ्या आमच्या आईचं हवं-नको, सगळं तीच करायची. कॉटेजभोवतीच्या नारळाच्या वाडीत, मागच्या खोलीत राहायची. पोलिसांनी तिला बाजारात धरलं, आणि राहते कुठे ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आसरा दिल्याचा गुन्हा दादावर लागला असता. हे काम मी घ्यायलाच नको होतं. घेतलं — कारण दुसऱ्या वकिलाने तिला पहिलं हेच विचारलं असतं, राहत कुठे होतीस.

"बाय, वाडीवर पोलीस आले तर आपलं काही खरं नाही," दादा म्हणाला होता. तेवढं पुरलं मला.

सुनावणीत मी मुद्दा मांडला. न्यायाधीश ऐकत होते, खरंच ऐकत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. पण ही राहणार कुठे? जबाबदारी घेणारं कुणी आहे?"

रेहानाला मराठी चांगलं समजतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कुणाची बहीण, हे तिला ठाऊक होतं. दिवाळीत फराळाची ताटली माझ्या हातात तिनेच ठेवली होती.

मी हातातले कागद उगाच चाळायला लागले. महिलाश्रमाचं नाव तरी घ्यायचं! सुचलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खोटं आहे ते. सुचलं होतं — पण मग चौकशी वाढली असती, आधी कुठे होती ते निघालं असतं.

मी म्हणाले, "नाही साहेब. पत्ता नाही."

तिला त्या खोलीतून सोडण्याचा माझा अर्ज फेटाळला गेला. एका शब्दात आम्हा दोघा भावंडांना आडवं केलं असतं तिने. तिला बाहेर नेलं, तेव्हा माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "आईला सांगा, मी बरी हाय." आमच्या आईला.

तो निरोप मी दिला नाही. आई अजून विचारते, ती पोर कुठे गेली गं? मी म्हणते, गावाला गेली.

ती कशी असेल, यापेक्षा ती कुणाला काही बोलली असेल का, याचीच धास्ती मला जास्त वाटते. तिला कुठे नेऊन ठेवलंय ते एका फोनवर कळेल. तो फोन मी केलेला नाही.