शाल, श्रीफळ आणि झेरॉक्स

मी लवकर तापते, हे घरचे कुणीही सांगतील. पण दिंडोरीजवळच्या त्या तंत्रशिक्षण संस्थेत जो राग आला, तो बरेच दिवस साचलेला होता.

सातपूरच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनल बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नव्या मुलांना सर्किटची आकृती वाचता यायची नाही, कारण सगळं इंग्रजीत. म्हणून मराठीतून वेबसाइट सुरू केली. मोफत. जाहिराती मुद्दाम घेतल्या नाहीत. अर्थिंगच्या धड्याशेजारी वजन घटवायचं चूर्ण मला नको होतं. फक्त एका पानावर मी स्वतः वाचून पारखलेली मोजकी पुस्तकं. तिथल्या लिंकवरून कुणी पुस्तक घेतलं, तर त्याला काही जास्त पडत नाही आणि विकणारा थोडा वाटा साइटला देतो. सर्व्हरचं भाडं त्यातूनच निघायचं. एका प्रकाशकाने पैसे देऊ केले, तरी त्याचं चुकांनी भरलेलं पुस्तक मी त्या पानावर येऊ दिलं नाही.

गेल्या वर्षी वाचणारे वाढले आणि वाटा मात्र आटला. भाडं भरायची वेळ आली, तेव्हा साइटवर स्पष्ट लिहिलं की पुस्तकं लिंकवरून घ्या, नाहीतर हे बंद पडेल. दुसऱ्याच दिवशी त्या संस्थेच्या प्राचार्यांचा फोन आला.

"मॅडम, आम्ही असताना साइट कशी बंद पडेल? तुमचा सत्कार ठेवलाय."

मी आनंदाने गेले. दारात फ्लेक्सवर माझा हा एवढा फोटो. फेटा, शाल, श्रीफळ, मानेला ओझं होईल असा हार, नंतर जिलबीचं जेवण. प्राचार्य माइकवर म्हणाले, "मॅडमनी सुचवलेलं पुस्तक आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात दिलंय. दाखवा रे!"

मुलांनी हात वर केले. प्रत्येक हातात स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिथेच विचारलं, "सर, यातलं विकत किती घेतलं?"

"एक घेतलं ना," ते अगदी निरागसपणे म्हणाले. "मेनरोडवरच्या ओळखीच्या दुकानातून, सवलतीत. त्याशिवाय झेरॉक्स कशी काढणार?"

बरं, माणूस लबाड नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण मदत केली. याचाच मला जास्त संताप आला. फ्लेक्सला पैसे होते, फेट्याला होते, जिलबीला होते. ज्याने पुस्तक लिहिलं आणि जिने ते शोधून दिलं, त्यांच्या वाट्याला फक्त टाळ्या! मी शाल काढून टेबलावर ठेवली आणि हे सगळं माइकवरून बोलून दाखवलं. पहिल्या रांगेतले एक काका शेजाऱ्याला म्हणाले, "फुकट शिकवते म्हणं, आन लय पैशाचं बघती बाई." ते ऐकून मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भाडं पदरचं भरता आलं असतं. आधी भरलंही होतं. या वेळी हात पुढे गेला नाही. साइट बंद झाली.

आठवड्याने प्राचार्यांचा फोन. आवाजात खरीखुरी तक्रार.

"मॅडम, बंदच करायची होती तर आधी सांगायचं ना! सगळ्या धड्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या असत्या."