शेजारची जागा

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत तो रोज खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरायचा आणि शेजारी कोणालाच बसू द्यायचा नाही. कंडक्टरने हटकलं की म्हणायचा, "येनार हाये." कोणी यायचं नाही. मी दांडा धरून उभा.

एकदा त्याचं माझ्या रंगाने गुलाबी झालेल्या बोटांकडे लक्ष गेलं आणि त्याने रुमाल उचलला. "बसा. कोन्त्या मोहल्ल्यात रंगवता?"

त्याची स्वतःची नखं जांभळी होती. तो बांधणीच्या ओढण्या रंगवायचा. पण कापूस बुडाला तशी लग्नं साधी झाली आणि गिऱ्हाईक आटलं.

मी रंगारी नव्हतो, कॉलेजात संशोधन करत होतो. पिशवीतली रंगीत प्लास्टिकची काडी मी उन्हात धरली. तिचं टोक लालभडक चमकलं.

"यात दोन रंग आहेत. एक उजेड घेतो आणि दुसऱ्याला देऊन टाकतो. चमकतो तो दुसरा. प्रयोगशाळेत झोत मारला, की तो उजेड काडीतून जाता जाता वाढत जातो."

"अन् दोघं दूर असले त?"

"मग देणं होत नाही."

तो रुमालाची घडी घालत राहिला. "घरवाली ओढनीले गाठी बांधत होती, मी रंगवत होतो. माह्या बाजूले इथंच बसे ते."

पुढे तो यायचा थांबला. मग एका सकाळी मीच खिडकीतून रुमाल टाकला. कंडक्टरने विचारलं, "कोनासाठी?"

नाव मला ठाऊकच नव्हतं.

"येनार हाये," मी म्हणालो.