पंधरा मात्रांचा सा

बायकोच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकू लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला गेल्या आणि स्पर्धा आठ दिवसांवर आली. बायकोचा शेवटचा लांब सा ही मंडळाची एकमेव जमेची बाजू, त्यामुळे धास्ती तिलाच जास्त. मी म्हटलं, "लॅपटॉपवर स्वर लिहायचं सॉफ्टवेअर आहे. मी लिहितो, ते पेटीच्या आवाजात वाजवेल."

अडलं शेवटच्या सावर. तिथं जितक्या मात्रा, तितके सा लिहून कमानींनी जोडावे लागतात, म्हणजे आवाज अखंड राहतो.

"किती मात्रा धरतेस?"

"मोजतंय कोण? दम आहे तोवर."

मला असलं उत्तर चालत नाही. स्वयंपाकघरात पाचदा म्हणायला लावलं: चौदा, सतरा, बारा, सतरा, पंधरा. बाराच्या वेळी कुकरची शिट्टी झाली होती, तरी तो आकडा वगळला नाही. सरासरी पंधरा.

तालमीत ती तेरालाच थांबली, लॅपटॉप पुढे गेला. शेजारीण ओरडली, "वहिनी, भावजींची पेटी जिंकली की!" सगळ्या हसल्या. घरी येताना बायको म्हणाली, "स्टेजवर असं झालं तर मी पुन्हा गाणार नाही."

शोधल्यावर एक चिन्ह सापडलं: छोटी कमान, खाली टिंब. अर्थ, गाणाऱ्याच्या मर्जीइतका स्वर धरावा. हेच हवं होतं. एकाही सावर अन्याय नको म्हणून पंधराच्या पंधरांवर ठेवलं. तेवढ्यात वीज गेली, बॅटरी स्पर्धेसाठी राखायची म्हणून वाजवून पाहिलं नाही.

सॉफ्टवेअरला मर्जी कळत नाही. चिन्ह दिसलं की ते स्वर दुप्पट करतं.

स्टेजवर बायकोचा दम सोळाला संपला. लॅपटॉप चालूच. मध्येच बंद केला तर चूक उघडी पडणार, म्हणून मी हात मागे घेतला. मग त्याच शेजारणीनं सा उचलला, तिचा संपताना दुसरीनं. तोवर दम घेऊन बायको पुन्हा मिसळली आणि तिसाव्या मात्रेला सगळ्या एकदम थांबल्या. टाळ्या पडल्या.

परीक्षकबाई म्हणाल्या, "शेवट छान बांधलात. कुणी बसवला?"

"यांनी," बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मोजून."

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कणीक मळताना सा धरून होती. माझी नजर आपोआप घड्याळाकडे गेली.

"मोजलंत तर बघा!"

हे सांगायला तिला सा तोडावा लागला. अकरा.